फॅन्टसी फुटबॉल: नेमाने गुण देणारा रिसीव्हर बसवावा की एका फटक्यात सामना फिरवणारा?

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये एक मेसेज फिरायला लागतो: "लीगमध्ये एक जण कमी पडतोय, येतोस का?" सात वर्षांपूर्वी न्यू जर्सीत मी असाच 'हो' म्हणून बसलो. लीग होती अमेरिकन फुटबॉलच्या फॅन्टसी खेळाची; फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो, एवढंच तोवर डोक्यात होतं. पहिल्या मोसमात बारा जणांत अकरावा आलो. (बारावा होता त्याने ऑक्टोबरनंतर ॲप उघडलंच नव्हतं.)

आता आमच्या मराठी मित्रमंडळात दरवर्षी दोन-तीन नवे भिडू येतात आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात सगळ्यांचा एकच फोन येतो. माझ्याकडे एक रिसीव्हर (बॉल झेलणारा खेळाडू) आहे, तो दर रविवारी दहा-बारा गुण देतो. दुसरा आहे, तो एखाद्या रविवारी तीस देतो आणि मग तीन आठवडे गायब. जागा एकच. कोणाला बसवू?

क्रिकेटवर वाढलेल्यांना हे द्रविड की सेहवाग असं वाटतं आणि मग स्वभावाप्रमाणे उत्तर येतं. सावध माणूस पहिला घेतो, हौशी माणूस दुसरा. इथेच चूक होते. या प्रश्नाचं उत्तर खेळाडूंत नाही, या आठवड्यात त्या एका जागेकडून तुम्हाला किती गुण हवे आहेत त्यात आहे. तो आकडा कसा काढायचा ते पुढे सांगतो. पण त्याआधी दोन-तीन गोष्टी नीट बघाव्या लागतात.

अगदीच नव्यांसाठी दोन ओळी

तुम्ही एनएफएल, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ करता. दर आठवड्याला लीगमधल्या एकाशी तुमची गाठ असते, आणि ज्याच्या खेळाडूंनी मैदानावर जास्त गुण कमावले तो जिंकतो. वाइड रिसीव्हर म्हणजे क्वार्टरबॅकने (संघाचा बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) फेकलेला बॉल पळत जाऊन झेलणारा. त्याला साधारणपणे झेल घेऊन कमावलेल्या 10 यार्डांना 1 गुण आणि टचडाउनला, म्हणजे बॉल समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की, 6 गुण मिळतात. बहुतेक लीगमध्ये दोन-तीन रिसीव्हर आणि एक फ्लेक्स, म्हणजे रिसीव्हर, रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) किंवा टाइट एंड (समोरच्यांना अडवतो आणि झेलतोही) यांपैकी कोणीही चालेल अशी जागा असते. क्रिकेटच्या फॅन्टसीसारखा दुप्पट गुणांचा कॅप्टन इथे नसतो.

पायरी 1: लीगचे नियम उघडून बघा

हे कोणी करत नाही. मीही केलं नव्हतं. नुसत्या झेलाला गुण आहे का, ही एकच ओळ शोधा. प्रत्येक झेलाला 1 गुण असेल तर ती पीपीआर लीग, अर्धा असेल तर हाफ पीपीआर, काहीच नसेल तर स्टँडर्ड. या एका ओळीने रिसीव्हरांची सगळी क्रमवारी उलटीपालटी होते.

2017 चा मोसम घ्या. मायामीच्या जार्विस लँड्रीने 112 झेल घेतले, त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक. पण यार्ड भरले 987, म्हणजे हजारसुद्धा नाहीत. बहुतेक झेल खेळ सुरू होतो त्या रेषेच्या जवळपास, दर झेलाला सरासरी नऊएक यार्ड. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या मार्विन जोन्सने झेल घेतले फक्त 61, पण यार्ड 1,101. दर झेलाला 18 यार्ड. टचडाउन दोघांचेही 9.

आता कागद घ्या. स्टँडर्ड लीगमध्ये लँड्रीचे झाले 152.7 आणि जोन्सचे 164.1. लांब पल्ल्याचा गडी 11 गुणांनी पुढे. पीपीआरमध्ये लँड्री 264.7, जोन्स 225.1. आता लँड्री जवळजवळ 40 गुणांनी पुढे! खेळाडू तेच, मोसम तोच. त्यामुळे "अमका चांगला की तमका" असं कोणी विचारलं की माझा पहिला उलटा प्रश्न हाच: तुमच्याकडे झेलाला किती?

पीपीआरमध्ये छोटे छोटे पाच झेल म्हणजे यार्ड धरायच्या आधीच 5 गुण. नेमाने खेळणाऱ्याला हा जणू महिन्याचा पगार. स्टँडर्डमध्ये हा पगार बंद, मग धमाकेवाल्यांचा भाव चढतो. हाफ पीपीआरमध्ये या दोघांत लँड्री 208.7, जोन्स 194.6, म्हणजे अंतर आहे पण फार नाही.

पायरी 2: गेल्या आठवड्याचे गुण विसरा, टार्गेट बघा

टार्गेट म्हणजे क्वार्टरबॅकने त्याच्या दिशेने किती वेळा बॉल टाकला. झेल सुटो की मिळो, टार्गेट मोजला जातो. एक संघ सामन्याला साधारण 30 ते 35 वेळा बॉल फेकतो, त्यातले 8 ते 10 एकाच माणसाकडे जात असतील तर तो संघाच्या आराखड्यातला माणूस आहे. 3-4 च जात असतील तर तो प्रसंगाचा माणूस.

भरवसा म्हणतात तो इथून येतो. हात चांगले किंवा स्वभाव शांत, यावरून नाही. 2021 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सच्या कूपर कपकडे 191 टार्गेट गेले, सामन्याला 11 च्या वर. त्याने 145 झेल, 1,947 यार्ड आणि 16 टचडाउन केले, तिन्हींत लीगमध्ये पहिला. पण मला त्या मोसमातली दुसरीच गोष्ट थक्क करते: 17 पैकी 16 सामन्यांत त्याने 90 च्या वर यार्ड केले. फक्त अ‍ॅरिझोनाविरुद्ध एकदा 64, आणि त्या दिवशी टचडाउनही नव्हता. असा माणूस संघात असला की त्याच्या जागेचा विचार करायचं कामच उरत नाही.

याच्या उलट बफेलोचा गेब डेव्हिस. ऑक्टोबर 2022 मध्ये पिट्सबर्गविरुद्ध त्याने 3 झेल घेतले. तीनच! पण त्यात एक 98 यार्डांचा टचडाउन आणि एक 62 यार्डांचा. एकूण 171 यार्ड, पीपीआरमध्ये 32.1 गुण. ज्यांनी त्या दिवशी त्याला बसवलं होतं ते हवेत. पण तीन झेलांवर उभा राहिलेला दिवस दर रविवारी परत येत नसतो. त्या दोन लांब फेकींतली एक हाताला लागून निसटली असती तर? पुढच्याच मोसमात एकही झेल न घेता त्याचे एकाहून जास्त सामने गेले.

मग बघायचं कसं? कोणत्याही खेळाडूच्या पानावर सामन्यांची यादी असते. ती उघडून शेवटच्या पाच सामन्यांचे टार्गेट कागदावर उतरवा. 9, 8, 11, 7, 9 असं दिसलं आणि गुण कमी असले, तरी त्याला सोडू नका, गुण येतील. 3, 2, 9, 3, 4 असं दिसलं तर तो धमाकेवाला, मग त्याच्या नावापुढे गेल्या आठवड्यात कितीही मोठा आकडा असो. डेट्रॉइटचा अमोन-रा सेंट ब्राउन पदार्पणाच्या 2021 च्या मोसमात अर्ध्याहून जास्त काळ कोणाच्या खिजगणतीत नव्हता. शेवटच्या सहाही सामन्यांत त्याने 8 किंवा जास्त झेल घेतले. टार्गेट वाढू लागताच ज्यांनी उचललं त्यांची चांदी झाली. आमच्या लीगमध्ये तो माझ्या समोरच बसणाऱ्या सहकाऱ्याने उचलला, मी बघत राहिलो.

पायरी 3: सरासरीच्या पोटात शिरा

नवे लोक सरासरीवर फसतात. सिएटलच्या टायलर लॉकेटचा 2020 चा मोसम मी प्रत्येक नव्या भिडूला दाखवतो. 100 झेल, 1,054 यार्ड, 10 टचडाउन. पीपीआरमध्ये साधारण 265 गुण, 16 सामन्यांना भागलं तर सामन्याला साडेसोळा. कागदावर कोणालाही हवाहवासा.

आता आत बघू. तिसऱ्या आठवड्यात डॅलसविरुद्ध 9 झेल, 100 यार्ड, 3 टचडाउन: 37 गुण. सातव्या आठवड्यात अ‍ॅरिझोनाविरुद्ध 15 झेल, 200 यार्ड, 3 टचडाउन: 53 गुण. सतराव्यात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध 12 झेल, 90 यार्ड, 2 टचडाउन: 33 गुण. तीन दिवसांत 123 गुण, आणि 10 पैकी 8 टचडाउन. उरलेल्या 13 सामन्यांत सरासरी 11 च्या आसपास.

आणि खरी गंमत पुढे आहे. तेव्हा नियमित मोसम 17 आठवड्यांचा होता आणि बहुतेक लीगच्या फायनल सोळाव्यातच आटोपत. म्हणजे तो तिसरा धमाका झाला तेव्हा मांडव उतरलेला होता. वर्षाच्या बेरजेत ते 33 गुण दिसतात, पण ते कोणाच्याही कामी आले नाहीत. (2021 पासून मोसम 18 आठवड्यांचा झाला आणि फायनल बहुधा सतराव्यात असते. तुमची कधी आहे ते बघून ठेवा.)

म्हणून सरासरीऐवजी मधला आकडा काढा. खेळाडूचे सगळ्या सामन्यांचे गुण लहान-मोठ्या क्रमाने लावा आणि बरोबर मधला उचला. सरासरी 16 आणि मधला 15 असेल तर माणूस नेमाचा. सरासरी 16 आणि मधला 10 असेल, तर वरचे सहा गुण दोन-तीन रविवारांनी दिलेत हे समजा. दहा मिनिटांचं काम आहे, लोकलमध्ये उभ्याउभ्याही होतं. आमच्याकडे ट्रेनमध्ये.

पायरी 4: 'किती हवेत?' हा आकडा काढा

आता मुद्द्यावर येऊ. दोन काल्पनिक रिसीव्हर घ्या, दोघांनी सहा आठवड्यांत प्रत्येकी 75 गुण केलेत.

पहिला, नेमाचा: 12, 13, 11, 14, 12, 13.

दुसरा, धमाक्याचा: 4, 3, 31, 5, 27, 5.

सरासरी दोघांची साडेबाराच. समजा या आठवड्यात जिंकायला त्या जागेकडून तुम्हाला 10 गुण हवेत. पहिला सहापैकी सहा वेळा काम करतो, दुसरा सहापैकी दोनदा. आता समजा 20 हवेत. पहिला सहापैकी शून्य वेळा! दुसरा अजूनही दोनदा. म्हणजे 10 हवे असताना दुसऱ्याला बसवणं हा जुगार, आणि 20 हवे असताना पहिल्याला बसवणं म्हणजे सभ्यपणे हरणं. लोक पहिल्या चुकीला हसतात, दुसरीला 'सावध खेळला' म्हणतात. हरण्यात फरक काहीच नाही.

आकडा काढायची पद्धत सोपी आहे. ॲप समोरच्या संघाचा अंदाजे एकूण आकडा दाखवतं. त्यातून तुमच्या बाकी सगळ्या जागांचा अंदाज वजा करा. समोरच्याचे 118, तुमच्या बाकीच्यांचे 109, तर हवेत 9. नेमाचा बसवा. बाकीच्यांचे 96 असतील तर हवेत 22. धमाकेवाला बसवा, आणि देवाचं नाव घ्या.

पण हे अंदाज दगडावरची रेघ नव्हेत. बाकीचे खेळाडूही वर-खाली होणारच. त्यामुळे दोन्ही संघांत पाच-सात गुणांचाच फरक असेल तर या हिशेबाच्या भानगडीत पडू नका, ज्याचा अंदाज जास्त त्याला बसवा. तुम्ही स्पष्ट पुढे किंवा स्पष्ट मागे असाल, म्हणजे पंधराएक गुणांचा फरक असेल, तेव्हाच ही पायरी खरी उपयोगाची.

तीन वर्षांपूर्वी मी हेच विसरलो. सोमवार संध्याकाळ, सामना एकच उरलेला, मला जिंकायला हवे होते 7 गुण. बेंचवर त्याच सामन्यातले दोन रिसीव्हर: एक मधल्या पट्ट्यात छोटे झेल घेणारा, दुसरा सरळ रेषेत सुसाट पळणारा, ज्याने आदल्या आठवड्यात 28 केले होते. 28 डोळ्यांसमोर नाचत होते. बायको म्हणाली, "सात हवेत ना, मग अठ्ठावीसवाला कशाला?" तिला फुटबॉल कळत नाही असं मी मनात म्हणालो. सुसाट गड्याने एक झेल घेतला, 9 यार्ड. 1.9 गुण. मी 5.1 ने हरलो. बेंचवरच्याने 6 झेल, 52 यार्ड केले होते: 11.2.

पायरी 5: ड्राफ्टमध्ये आणि नंतर

ड्राफ्टच्या, म्हणजे मोसमाआधी आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या, सुरुवातीच्या फेऱ्यांत हा प्रश्न फारसा येतच नाही, कारण अव्वल रिसीव्हर दोन्ही असतात. सिनसिनाटीचा जमार चेस बघा: 2024 मध्ये 127 झेल, 1,708 यार्ड, 17 टचडाउन. नेमही त्याचाच, धमाकाही त्याचाच. त्याच्या पहिल्या वर्षी, 2 जानेवारी 2022 ला, कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने 11 झेल, 266 यार्ड, 3 टचडाउन केले, पीपीआरमध्ये 55.6, आणि तो बरोबर सतरावा आठवडा होता. बऱ्याच जणांच्या फायनलचा निकाल तिथेच लागला.

प्रश्न येतो तो पाचव्या-सहाव्या फेरीनंतर, जेव्हा 'दोन्ही' शिल्लक नसतात. माझी रीत अशी: रोजच्या जागांसाठी आधी टार्गेटवाले दोन भरायचे, मग बेंचवर एक-दोन धमाकेवाले. बेंचवर नेमाचे चार रिसीव्हर घेऊन बसण्यात अर्थ नाही, ते एकमेकांसारखेच 11 गुण देतात आणि मागे पडलात तर हाताशी हत्यार उरत नाही. उलट पहिल्या तिन्ही जागांवर धमाकेवाले ठेवले की एखाद्या रविवारी तिघांनी मिळून 12 गुण केलेले बघावे लागतात. मी पाहिलेत.

नेमाचा माणूस कायमचा असतो असंही नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा ही म्हण या खेळासाठीच केली असावी. न्यू ऑर्लिन्सच्या मायकल थॉमसने 2019 मध्ये 149 झेल घेऊन विक्रम केला, आणि 2020 च्या पहिल्याच आठवड्यात घोटा दुखावला. तो मोसम 7 सामन्यांचा आणि शून्य टचडाउनचा. 2021 मध्ये तर तो उतरलाच नाही.

धमाका झाला की त्या मंगळवारी देवाणघेवाणीचा विचार करा. 2019 मध्ये ह्यूस्टनच्या विल फुलरने अटलांटाविरुद्ध 14 झेल, 217 यार्ड आणि 3 टचडाउन केले, 53.7 गुण. त्या आठवड्यात त्याच्या बदल्यात तुम्हाला कोणीही काहीही दिलं असतं. पूर्ण मोसमात त्याचे टचडाउन किती? तीन. तेच तीन.

पायरी 6: रविवारी सकाळी

सामन्याच्या 90 मिनिटं आधी कोण खेळणार नाही ते जाहीर होतं, तेव्हा एकदा ॲप उघडा. आधीच्या 'क्वेश्चनेबल' (खेळेलच असं नाही) या शेऱ्यावर विसंबू नका. बाय वीक, म्हणजे त्या संघाचा सुट्टीचा आठवडा, आधीच टिपून ठेवा.

पावसाला लोक उगाच घाबरतात, वाऱ्याला घाबरा. जोराच्या वाऱ्यात लांब फेक भरकटते, पाच यार्डांची फारशी भरकटत नाही. म्हणजे वारा धमाकेवाल्याच्या मुळावर. तसंच त्याच्या संघाचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी असेल आणि राखीव उतरणार असेल, तर बॉल बहुधा जवळ जवळ पडतात, आणि लांब पळणारा नुसताच पळतो.

शेवटचं एक, जे मला कोणी सांगितलं नाही आणि ज्याची किंमत मी त्या 5.1 गुणांत मोजली. गुरुवारी खेळणारा रिसीव्हर कधीही फ्लेक्समध्ये टाकू नका, त्याला रिसीव्हरच्या जागी बसवा. फ्लेक्स रविवार रात्रीच्या किंवा सोमवारच्या सामन्यासाठी मोकळा ठेवा, आणि जमलं तर त्या सामन्यातले एक नेमाचा, एक धमाक्याचा असे दोघे हाताशी ठेवा. सोमवारी आमच्या वेळेप्रमाणे सव्वाआठला खेळ सुरू होतो. तोवर बाकी सगळ्यांचे गुण पडलेले असतात आणि 'किती हवेत' हा अंदाज उरत नाही, पक्का आकडा समोर असतो. आठ वाजून दहा मिनिटांनी तो बघा, बायकोला विचारा, आणि बसवा.